एलपी सॉल्व्हर मल्टिथ्रेडेड प्रोग्रॅममध्ये कसा वापरायचा: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

तुर्भ्याला एक गोडाऊन, भिवंडीला दुसरं, आणि माल पोचवायचाय ठाणे, वाशी आणि डोंबिवलीच्या दुकानांत. कुठून किती गोण्या पाठवल्या की टेम्पोभाडं कमीत कमी लागेल, हा लिनिअर प्रोग्रॅमिंगचा (म्हणजे एलपीचा) पहिल्या धड्यातला प्रश्न आहे आणि कुठलाही ओपन सोर्स सॉल्व्हर, म्हणजे असे प्रश्न सोडवणारी तयार लायब्ररी, तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सोडवतो. पंचाईत पुढे होते. साहेब विचारतात की भिवंडीचा स्टॉक कमी आला तर काय, जास्त आला तर काय, शिळफाट्याला ट्रॅफिक लागून भाडं वाढलं तर काय, मग तोच प्रश्न आकडे बदलून हजारो वेळा सोडवायचा असतो, मशीनला आठ कोअर आणि चालतोय त्यातला एकच, म्हणून आपण थ्रेड टाकतो, म्हणजे एकाच प्रोग्रॅमची कामं वेगवेगळ्या कोअरवर एकदम चालवतो. आणि तिथून प्रोग्रॅम कधी क्रॅश होतो, कधी लटकतो आणि कधी (हे सगळ्यात वाईट) काहीही तक्रार न करता चुकीचं उत्तर देतो.

ऐरोली, महापे, घणसोली, वागळे इस्टेट या पट्ट्यात लॉजिस्टिक्स आणि प्लॅनिंगचं काम करणाऱ्या टीम भरपूर आहेत, कॉलेजमधून नुकती आलेली मुलं त्यात लागतात, त्यांना सिम्प्लेक्स (एलपी सोडवायची नेहमीची पद्धत) माहीत असतो, थ्रेडही माहीत असतात, पण दोन्ही एकत्र आणताना काय सांभाळायचं ते कुणी नीट बसून सांगत नाही. म्हणून हे लिहितोय. सगळा लेख एकाच गोष्टीभोवती आहे: सॉल्व्हरचं ऑब्जेक्ट ज्या थ्रेडने बनवलं त्यानेच वापरायचं आणि त्यानेच मोडायचं, थ्रेडमध्ये इकडून तिकडे फक्त आकडे जाऊ द्यायचे. बाकी सगळं त्याचा तपशील आहे, पण तपशीलातच माणूस अडकतो.

फंक्शनची आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिलीयत. जीएलपीके सॉल्व्हरच्या फंक्शनमध्ये आणि हायज सॉल्व्हरच्या पर्यायांमध्ये मधली रेघ म्हणजे अंडरस्कोर समजा, हायजच्या फंक्शनची नावं आणि पल्पचा कीप-फाइल्स मात्र रेघ काढून सलग जोडून लिहायचे.

आधी एकच थ्रेड, आणि उत्तर हाताने माहीत असलेला प्रश्न

थ्रेडला हात लावायच्या आधी असा एक छोटा प्रश्न तयार ठेवा ज्याचं उत्तर तुम्हाला कागदावर काढता येतं. मी हा वापरतो. तुर्भ्यात ८० गोण्या, भिवंडीत ६०. ठाण्याला ५० हव्यात, वाशीला ४०, डोंबिवलीला ४५. एका गोणीचं भाडं असं धरा: तुर्भ्याहून ठाणे २२ रुपये, वाशी ८, डोंबिवली २६, आणि भिवंडीहून ठाणे १४, वाशी ३०, डोंबिवली १६. (भाडी मनाची आहेत, कुणी खऱ्या रेटशी ताडून बघू नका.)

व्हेरिएबल सहा, कंस्ट्रेंट पाच: दोन गोडाऊनची वरची मर्यादा आणि तीन दुकानांची कमीत कमी मागणी. उत्तर हाताने काढा. वाशीच्या ४० गोण्या तुर्भ्यातूनच, ते उघड आहे. भिवंडीतून डोंबिवलीला पाठवलं की गोणीमागे १० रुपये वाचतात आणि ठाण्याला पाठवलं की ८, म्हणून डोंबिवलीच्या ४५ आधी भिवंडीतून काढायच्या, उरलेल्या १५ ठाण्याला, आणि ठाण्याच्या बाकी ३५ तुर्भ्यातून. खर्च ३२० अधिक ७२० अधिक २१० अधिक ७७०, म्हणजे २०२० रुपये.

आता या प्रश्नातली मजा बघा. भिवंडीत एक गोणी जास्त असती तर ८ रुपये वाचले असते, म्हणजे तिथली शॅडो प्राइस ८ आहे. भिवंडीची क्षमता ५५ पासून ९५ पर्यंत काहीही ठेवा, कमीत कमी खर्च सरळ २५०० वजा ८ गुणिले क्षमता इतका येतो. ६० ला २०२०, ५५ ला २०६०, ९५ ला १७४०. ९५ च्या वर गेलात तरी १७४० च राहतो कारण ठाणे आणि डोंबिवली दोन्ही पूर्ण भिवंडीतून भरलेत. आणि ५४ केलं की दोन्हीकडचा मिळून माल १३४ आणि मागणी १३५, म्हणजे प्रश्न सुटूच शकत नाही, सॉल्व्हरने इन्फीझिबल म्हणायला हवं. म्हणजे ५५ ते ९५ असे ४१ प्रश्न तुमच्या हातात आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर आधीच माहीत आहे. थ्रेडची टेस्ट करायला याहून चांगलं काही नको. हजार ओळींचं खरं मॉडेल घेऊन टेस्ट करायला गेलात तर उत्तर चुकलंय हेच कळणार नाही.

हे ४१ प्रश्न एका थ्रेडमध्ये, एका साध्या लूपमध्ये चालवा आणि सगळी उत्तरं सूत्राशी जुळवा. जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. इथे चूक असेल तर ती मॉडेलची आहे, आणि थ्रेड आल्यावर ती शोधणं दसपट अवघड होतं.

सॉल्व्हर कोणता घ्यायचा

नव्या माणसाने बघावेत असे मोजके आहेत. जीएलपीके हा जुना, सी मध्ये लिहिलेला, आंद्रेइ माखोरिन यांचा, छोटा आणि मॅन्युअल अतिशय छान. लायसन्स जीपीएल ३ आहे, त्यामुळे बंद सोर्सचं प्रॉडक्ट त्याला लिंक करून बाहेर वाटणार असाल तर कंपनीत आधी विचारून घ्या. हायज हा एडिनबरा विद्यापीठातल्या गटाचा, सी प्लस प्लस मधला, एमआयटी लायसन्सचा, मोठ्या प्रश्नांवर जीएलपीकेपेक्षा बराच वेगवान. पायथनच्या सायपाय लायब्ररीतल्या लिनप्रोगमध्ये आतून तोच चालतो. तिसरी जोडी कॉइन-ओआरची, एलपीसाठी सीएलपी आणि पूर्णांक व्हेरिएबल असतील तर सीबीसी. पायथनचा पल्प (मॉडेल लिहायची लायब्ररी) वापरला असेल तर बहुतेक नकळत सीबीसी वापरलाय.

नवीन काम सुरू करत असाल तर माझं स्पष्ट मत, हायज घ्या. जीएलपीकेवर मी खाली जास्त लिहिलंय ते यासाठी की थ्रेडचे सगळे प्रकार त्यात उघडे दिसतात, आणि चालू असलेल्या जुन्या कोडमध्ये तो अजून भरपूर ठिकाणी भेटतो.

जाता जाता, हे विषय आपल्याला परके वाटायचं काही कारण नाही. सिम्प्लेक्स डँटझिग यांनी १९४७ मध्ये मांडला, पण १९८४ मध्ये इंटिरिअर पॉइंट पद्धतीला (कडेकडेने न जाता आतून उत्तराकडे जाणारी पद्धत) ज्याने खरी चालना दिली ते नरेंद्र करमरकर आपल्या खाडीपलीकडच्या पवईच्या आयआयटीतून शिकलेले. आज हायजसकट मोठ्या सॉल्व्हरमध्ये सिम्प्लेक्सच्या बरोबरीने इंटिरिअर पॉइंटचा पर्याय असतो.

गडबड नक्की कुठे होते

नवख्याचा पहिला समज असतो की मॉडेल एकदा भरलं की सॉल्व्ह करणं म्हणजे फक्त वाचणं, मग चार थ्रेडनी एकाच मॉडेलवर सॉल्व्ह मारलं तर काय बिघडतं? बरंच बिघडतं. सिम्प्लेक्स चालतो तेव्हा ऑब्जेक्टच्या आत बेसिस (सध्याचं उत्तर कुठल्या व्हेरिएबलवर उभं आहे त्याची यादी) बदलत असतो, त्याचं फॅक्टरायझेशन परत परत लिहिलं जातं, व्हेरिएबलच्या किमती, स्टेटस, इटरेशनचा आकडा सगळं तिथेच साठतं. म्हणजे सॉल्व्ह हे लिहिण्याचं काम आहे. मार्केटमध्ये एकाच वहीत दोन मुनीम एकाच वेळी हिशोब लिहायला बसले तर जे होईल तेच इथे होतं.

हे झालं एकाच ऑब्जेक्टबद्दल. दुसरी जागा लपलेली असते. काही लायब्ररींमध्ये ऑब्जेक्टच्या बाहेर, पूर्ण लायब्ररीसाठी एकच असं एक एन्व्हायर्नमेंट असतं, त्यात मेमरीचा हिशोब, टर्मिनलवर छापायचं की नाही, एरर आली तर काय करायचं असल्या गोष्टी असतात. जीएलपीकेत तसंच आहे. त्याने दिलेला मेमरीचा प्रत्येक तुकडा एका यादीत जोडलेला असतो. त्यामुळे दोन थ्रेडनी आपापलं वेगळं मॉडेल बनवलं तरी, एन्व्हायर्नमेंट सामायिक असेल तर ती यादी दोघं मिळून बिघडवतात, आणि क्रॅश होतो तो भलत्याच ठिकाणी, मॉडेल डिलीट करताना वगैरे. मग माणूस दोन दिवस डिलीटच्या ओळीकडे बघत बसतो.

म्हणून सॉल्व्हर निवडल्यावर दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. वेगळी ऑब्जेक्ट वेगळ्या थ्रेडमध्ये चालतात का? आणि एकच ऑब्जेक्ट दोन थ्रेडमध्ये चालतं का? दुसऱ्याचं उत्तर जवळपास सगळीकडे नाही असंच धरून चाला. पहिल्याचं उत्तर सॉल्व्हरवर आणि तो कसा बिल्ड केलाय त्यावर अवलंबून असतं.

जीएलपीके: आधी बिल्ड तपासा

जीएलपीके थ्रेड-लोकल स्टोरेज (प्रत्येक थ्रेडची आपली वेगळी मेमरी) वापरून बिल्ड करता येतो, कॉन्फिगर करताना एनेबल-रीएन्ट्रंट नावाचा पर्याय आहे. तसा बिल्ड असेल तर प्रत्येक थ्रेडला आपलं स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट मिळतं. तुमच्या मशीनवर जी लायब्ररी आलीय ती तशी आहे का हे अंदाजाने ठरवू नका, प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जीएलपी-कॉन्फिग या फंक्शनला टीएलएस ही स्ट्रिंग देऊन विचारा. नल आलं तर थ्रेड-लोकल नाही. फंक्शनच सापडलं नाही तर आवृत्ती जुनी आहे, तेव्हाही नाहीच समजा. हा चेक कोडमध्येच टाकून ठेवा, म्हणजे उद्या सर्व्हरवर कुणी वेगळं पॅकेज टाकलं तर प्रोग्रॅम पहिल्याच मिनिटाला स्पष्ट मेसेज देऊन थांबेल.

उत्तर नाही आलं तर दोन वाटा. जीएलपीकेच्या सगळ्या कॉलभोवती एक म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप), आणि सगळ्या म्हणजे बनवणं, भरणं, सोडवणं, वाचणं, मोडणं, सगळ्या. यात बरोबर उत्तर मिळेल पण वेग काही वाढणार नाही कारण एका वेळी एकच थ्रेड आत असणार. दुसरी वाट म्हणजे थ्रेडऐवजी वेगळ्या प्रोसेस, आणि खरं सांगतो, लायब्ररीबद्दल खात्री नसेल तर प्रोसेस हाच शहाणपणाचा रस्ता आहे.

हो आलं तर प्रत्येक वर्कर थ्रेडमध्ये क्रम असा ठेवा. थ्रेड सुरू झाला की जीएलपी-टर्म-आउट बंद करा. हे सेटिंगही थ्रेडपुरतं असतं, मेन थ्रेडमध्ये बंद केलं म्हणून वर्करमध्ये बंद होत नाही, आणि चार थ्रेडचा लॉग एकमेकांत मिसळून टर्मिनलवर खिचडी दिसते. मग जीएलपी-क्रिएट-प्रॉब, मग पाच ओळी, सहा कॉलम. इथे नवीन माणसाला दोन गोष्टी हमखास चकवतात. एक, जीएलपीकेत मोजणी १ पासून सुरू होते, ॲरेचं शून्याचं घर रिकामं सोडायचं. दोन, नवा कॉलम जोडला की तो शून्यावर फिक्स असतो, त्याच्या मर्यादा स्वतः सेट केल्या नाहीत तर सहाही व्हेरिएबल शून्यच राहणार आणि आपला सोपा प्रश्न इन्फीझिबल येणार. मॅट्रिक्समध्ये शून्य नसलेले आकडे १२ आहेत, प्रत्येक कॉलमला दोन, एक गोडाऊनच्या ओळीत आणि एक दुकानाच्या.

पॅरामीटरचं स्ट्रक्चर जीएलपी-इनिट-एसएमसीपीने भरून घ्या, हे विसरलात तर आत कचरा असतो. त्यातली वेळेची मर्यादा मिलिसेकंदात आहे. हायजमधली टाइम-लिमिट सेकंदात असते, एकातून दुसऱ्यात जाताना इथे फसू नका.

मग जीएलपी-सिम्प्लेक्स. तो शून्य परत देतो याचा अर्थ सॉल्व्हर व्यवस्थित चालून थांबला एवढाच, उत्तर मिळालं असा नाही. स्टेटस वेगळं विचारायचं आणि ते ऑप्टिमल असेल तरच किमती वाचायच्या. भिवंडी ५४ वाली केस याच चेकसाठी ठेवलीय: तिथे शून्य येऊनही स्टेटस इन्फीझिबल येऊ शकतं, आणि प्रीसॉल्व्ह (सोडवायच्या आधी मॉडेल आटोपशीर करणं) चालू असेल तर परतीचा कोडच वेगळा येतो. दोन्ही हाताळा.

उत्तर साध्या डबलमध्ये कॉपी करून घ्या, मग जीएलपी-डिलीट-प्रॉब, आणि थ्रेड संपायच्या अगदी आधी, त्याच थ्रेडमधून, जीएलपी-फ्री-एन्व्ह. हे शेवटचं कुणी करत नाही आणि मग प्रत्येक थ्रेडमागे थोडी थोडी मेमरी गळत राहते, दिवसरात्र चालणाऱ्या सर्व्हिसमध्ये ते आठवड्याने जाणवतं. फक्त एक सांभाळा, हे फंक्शन त्या थ्रेडमधली सगळी मॉडेल एकदम पुसतं, म्हणून थ्रेड पूलमध्ये दर कामानंतर न बोलावता थ्रेड बंद होताना एकदाच बोलवा. आणि एका थ्रेडने बनवलेलं मॉडेल दुसऱ्याने डिलीट करणं इथे सक्त मनाई समजा, कारण मेमरीची यादी पहिल्याकडे आहे. सी प्लस प्लस मध्ये शेअर्ड पॉइंटर वापरणाऱ्यांनी विशेष जपा, शेवटचा पॉइंटर कुठल्या थ्रेडमध्ये मरतो यावर तुमचा ताबा नसतो.

एररबद्दल. फंक्शनला चुकीची ओळ, चुकीचा इंडेक्स दिला की जीएलपीके मेसेज छापून थेट अबॉर्ट करतो, म्हणजे एका थ्रेडच्या चुकीने पूर्ण प्रोसेस जाते, बाकीच्या थ्रेडचं झालेलं कामही जातं. जीएलपी-एरर-हुक लावता येतो, तोही थ्रेडपुरता, पण एकदा एरर आली की त्या थ्रेडचं एन्व्हायर्नमेंट विश्वासाचं राहत नाही, ते फ्री करून नव्याने सुरुवात करायची. त्यापेक्षा इनपुट आधीच तपासा.

हायज: ऑब्जेक्ट वेगळं, आणि आतले थ्रेड बंद

हायजमध्ये जागतिक एन्व्हायर्नमेंटची ती भानगड नाही. प्रत्येक थ्रेडमध्ये आपलं एक हायज ऑब्जेक्ट बनवा, मॉडेल त्यात द्या, रन करा, उत्तर कॉपी करा. आउटपुट-फ्लॅग फॉल्स ठेवा, आणि लॉग फाइल हवीच असेल तर प्रत्येक ऑब्जेक्टला वेगळ्या नावाची.

पण हायजला स्वतःचे थ्रेड आहेत हे विसरायचं नाही. थ्रेड्स हा पर्याय शून्यावर सोडला तर तो मशीनच्या लॉजिकल कोअरच्या साधारण निम्मे थ्रेड स्वतः धरतो, १६ असतील तर ८. आता तुम्ही बाहेरून आठ वर्कर चालवताय आणि प्रत्येकाच्या आत सॉल्व्हर आपला फौजफाटा उभा करतोय, विशेषतः पूर्णांक व्हेरिएबल असलेल्या मॉडेलमध्ये हे सगळे एकदम कामाला लागले की कोअर कमी आणि थ्रेड जास्त, आणि प्रोग्रॅम एका थ्रेडपेक्षा हळू चालतो. बाहेर पॅरलल करायचं ठरलं की आत थ्रेड्स १ आणि पॅरलल ऑफ. कधीतरी उलट बरोबर असतं, एकच प्रचंड मॉडेल आणि बाकी काही काम नाही, तेव्हा बाहेर एकच थ्रेड ठेवून आतले मोकळे सोडा. दोन्ही एकदम नको.

आणखी एक, हायजचा आतला शेड्युलर एकदा ज्या आकड्यावर उभा राहिला त्यावरच राहतो. नंतर दुसरा आकडा दिलात तर रन एरर देऊन परत येतं, आणि मेसेजमध्येच सांगतं की आधी रीसेट-ग्लोबल-शेड्युलर बोलवा. नवी मुलं आउटपुट बंद ठेवतात, मेसेज दिसत नाही, रनचा परतीचा कोड बघत नाहीत, आणि मॉडेलचं उत्तर शून्य का येतंय विचारत बसतात. सोपा उपाय, सगळीकडे एकच आकडा, पहिल्या ऑब्जेक्टपासून. इथेही रनचं स्टेटस आणि मॉडेलचं स्टेटस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही बघायच्या.

पायथनवाल्यांसाठी

पायथनमध्ये जीआयएलमुळे (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं कुलूप) थ्रेडचा फायदा तेव्हाच होतो जेव्हा सॉल्व्हरची बाइंडिंग (सॉल्व्हरला पायथनशी जोडणारा थर) सोडवताना जीआयएल सोडते. हायजपायच्या (हायजच्या पायथन बाइंडिंगच्या) नव्या आवृत्त्या रन करताना सोडतात. तुमच्याकडची सोडते का हे बघायला दहाएक सेकंद लागणारं एक मॉडेल घ्या, एकदा एका थ्रेडमध्ये आणि मग दोन प्रती दोन थ्रेडमध्ये चालवा. वेळ जवळपास तेवढाच राहिला तर सोडते, दुप्पट झाला तर नाही, मग मल्टिप्रोसेसिंग. प्रोसेसमध्ये पण मॉडेलचं ऑब्जेक्ट पाठवू नका, आकडे पाठवा आणि मॉडेल तिकडे बनवा.

सायपायचा लिनप्रोग प्रत्येक कॉलला सगळं नव्याने बनवतो, त्यामुळे शेअर होण्यासारखं काही राहत नाही, सुरुवातीला तो चांगला, फक्त मागच्या उत्तरावरून पुढे जायची सोय नाही.

पल्पची गोष्ट निराळी. तो फाइल लिहितो आणि सीबीसी वेगळी प्रोसेस म्हणून चालवतो, त्यामुळे मेमरीची मारामारी नाही. पण कीप-फाइल्स चालू केलंत तर फाइलचं नाव मॉडेलच्या नावावरून पडतं, आणि चारही थ्रेडमधल्या मॉडेलचं नाव तेच असेल तर एकाने लिहिलेली फाइल दुसरा पुसतो आणि तुम्हाला भलत्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं. डीबग करायला म्हणून तो पर्याय लावला की नेमका बग तयार होतो. मॉडेलच्या नावात सिनारिओचा, म्हणजे आकडे बदलून केलेल्या त्या प्रश्नाचा, नंबर घाला.

काम कसं वाटायचं

आपले ४१ प्रश्न चार थ्रेडना द्यायचेत. ५५ पहिल्याला, ५६ दुसऱ्याला असं पत्ते वाटल्यासारखं न करता सलग तुकडे द्या: ५५ ते ६५, ६६ ते ७५, ७६ ते ८५, ८६ ते ९५. कारण असं की एका थ्रेडने मॉडेल एकदाच बनवायचं आणि पुढच्या प्रश्नाला फक्त भिवंडीच्या ओळीची वरची मर्यादा बदलून परत सोडवायचं. जीएलपीकेत जीएलपी-सेट-रो-बीएनडीएस (बाउंड्सचं आखूड रूप), हायजमध्ये चेंज-रो-बाउंड्स. मागचा बेसिस ऑब्जेक्टमध्येच असतो, उजवीकडचा आकडा बदलला तरी तो ड्युअल फीझिबल (म्हणजे शॅडो प्राइसच्या बाजूने चालण्याजोगा) राहतो, आणि ड्युअल सिम्प्लेक्स तिथून थोड्या पावलांत नवीन उत्तराला पोचतो. जीएलपीकेत त्यासाठी पद्धत ड्युअल निवडावी लागते. मोठ्या मॉडेलमध्ये या वॉर्म स्टार्टने जो वेळ वाचतो तो पुष्कळदा थ्रेड टाकून वाचलेल्या वेळेपेक्षा जास्त असतो, म्हणून आधी हे करा, थ्रेड नंतर.

उत्तरं ठेवायला आधीच ४१ घरांचा ॲरे बनवा आणि प्रत्येक थ्रेडने फक्त आपल्या नंबरच्या घरात लिहायचं. वेगळ्या घरात वेगळा थ्रेड लिहितोय म्हणून लॉक लागत नाही, सगळे थ्रेड जॉइन झाल्यावरच मेन थ्रेडने वाचायचं. सी प्लस प्लस मध्ये व्हेक्टर ऑफ बूल मात्र टाळा, तिथे आठ घरं एकाच बाइटमध्ये बसतात आणि लॉकशिवाय लिहिलं तर बिघडतं.

भाड्याचा तक्ता, मागणी असला न बदलणारा डेटा सगळ्या थ्रेडनी मिळून वाचला तर चालतं, थ्रेड सुरू व्हायच्या आधी भरून ठेवला असेल आणि नंतर कुणी त्याला हात लावत नसेल तर.

थ्रेड किती? खऱ्या कोअरइतके, त्याहून जास्त नको. सिम्प्लेक्सचा बराच वेळ विखुरलेली मेमरी वाचण्यात जातो, त्यामुळे आठ कोअरवर आठपट वेगाची अपेक्षा ठेवू नका. १, २, ४, ८ असं चालवून वेळ लिहून काढा, जिथे फायदा थांबतो तिथे थांबा. आणि हे आपले सहा व्हेरिएबलचे प्रश्न थ्रेडमध्ये उलट हळू चालतील, थ्रेड उभा करायचा खर्चच जास्त. ते फक्त बरोबर-चूक तपासायला आहेत, वेग मोजायला तुमचं खरं मॉडेल घ्या.

लटकलेल्या थ्रेडला बाहेरून मारायचा प्रयत्न करू नका, आत लॉक धरलेला असेल तर पूर्ण प्रोग्रॅम अडकेल. सॉल्व्हरला वेळेची मर्यादा द्या, तो स्वतःहून परत येतो.

उत्तरं जुळवताना

एका थ्रेडची यादी आणि चार थ्रेडची यादी शेजारी ठेवा. कमीत कमी खर्च जुळायलाच हवा, अगदी समान न बघता फरक दशलक्षांशाच्या आत आहे का बघा. पण व्हेरिएबलच्या किमती किंवा शॅडो प्राइस वेगळ्या दिसल्या तर लगेच थ्रेडला दोष देऊ नका. आपल्याच प्रश्नात भिवंडी ९५ ला बघा: एक गोणी कमी केली तर खर्च ८ ने वाढतो, एक वाढवली तर काहीच बदलत नाही. म्हणून तिथे शॅडो प्राइस ८ आली तरी बरोबर आणि शून्य आली तरी बरोबर, सॉल्व्हर कुठल्या बेसिसवरून तिथे पोचला यावर ते ठरतं. ९५ एकटा सोडवला तर एक उत्तर आणि ८६ पासून चढत आलात तर दुसरं, असं होऊ शकतं, आणि खऱ्या मॉडेलमध्ये अशा जागा पुष्कळ असतात. त्यामुळे खर्च जुळणं, स्टेटस जुळणं आणि व्हेरिएबलच्या आलेल्या किमती सगळ्या कंस्ट्रेंटमध्ये बसणं, हे तीन तपासा. दर वेळी हुबेहूब तेच उत्तर हवं असा क्लायंटचा हट्ट असेल तर तुकडे ठरलेले ठेवा, किंवा प्रत्येक प्रश्न नव्या बेसिसपासून सोडवा आणि वेळ जाईल हे मान्य करा.

मग तीच टेस्ट लूपमध्ये घालून रात्रभर चालू द्या, थ्रेडची संख्या कोअरपेक्षा मुद्दाम जास्त ठेवून. रेस, म्हणजे दोन थ्रेडचं एकाच मेमरीवरचं भांडण, एकदा चालवून दिसत नाही. जीसीसी आणि क्लँग दोघांमध्ये थ्रेड सॅनिटायझर आहे, तो लावून एकदा बघाच, प्रोग्रॅम पाच ते पंधरा पट हळू होतो पण कुठल्या दोन ओळी एकाच मेमरीवर भांडतायत ते नावानिशी सांगतो. सॉल्व्हरची लायब्ररीही त्याच पर्यायाने बिल्ड करावी लागते, नाहीतर आतली भांडणं त्याला दिसत नाहीत.

आणि तरीही एखादं उत्तर चुकलंच, तर ज्या थ्रेडमध्ये चुकलं तिथूनच मॉडेल फाइलमध्ये लिहून काढा, जीएलपीकेत जीएलपी-राइट-एलपी, हायजमध्ये राइट-मॉडेल, नावात थ्रेडचा आणि सिनारिओचा नंबर घालून. मग ती फाइल टर्मिनलवर जीएलपीसोल किंवा हायजच्या कमांडने एकटीच सोडवा. फाइलमधले आकडेच चुकीचे दिसले तर मॉडेल भरताना थ्रेड एकमेकांच्या डेटावर लिहितायत. आकडे बरोबर आणि एकटं उत्तरही बरोबर आलं तर ऑब्जेक्ट कुठेतरी शेअर होतंय, ते कुठे बनलं आणि कुठे वापरलं याचे थ्रेड आयडी छापून बघा. आणि एकटं सोडवूनही उत्तर चुकलं तर थ्रेड बाजूला ठेवा, मॉडेल उघडा आणि पहिल्यांदा कॉलमच्या मर्यादा बघा.